द्विघटकी द्रव मिश्रणांच्या गुणधर्मांचे तापमानानुसार मापन

दोन द्रव निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून प्रत्येक मिश्रणाची घनता, श्यानता (द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध), अपवर्तनांक (प्रकाश द्रवात शिरताना किती वळतो हे दाखवणारा अंक) आणि त्यातील ध्वनीचा वेग ठरावीक तापमानांना मोजण्याची भौतिक रसायनशास्त्रातील पद्धत. भिन्न रेणू एकमेकांना किती ओढतात, हे या आकड्यांवरून ताडता येते.

50 मिलि पाण्यात 50 मिलि इथेनॉल घातले, तर मिश्रण 100 नव्हे, सुमारे 96 ते 97 मिलि भरते. आदर्श मिश्रणापासूनचा, म्हणजे घटकांच्या घनफळांच्या साध्या बेरजेपासूनचा, असा फरक दर मोलमागे (मोल हे रेणूंच्या संख्येवर आधारलेले पदार्थाचे माप) काढला की ‘अतिरिक्त मोलर घनफळ’ मिळते. आकुंचन झाल्यास ते ऋण असते. बेंझीन आणि सायक्लोहेक्झेन मिसळल्यावर मात्र घनफळ किंचित वाढते. समान मोल घेतल्यास 25 °से.ला ही वाढ मोलमागे सुमारे 0.65 घसेंमी (घन सेंटिमीटर) असते. इतका बारीक फरक शोधायचा, म्हणून घटक मापाने न घेता वजन करूनच घेतात आणि बाटली घट्ट बंद ठेवतात. एक घटक उडून गेला तर मिश्रणाचे प्रमाणच बदलते.

घनतेसाठी पूर्वी घनताकुपी वापरत. आता कंप पावणाऱ्या यू-नळीचे घनतामापक रूढ आहेत. द्रव जितका जड, तितका नळीचा कंपनकाल जास्त. नळीत एखादा बुडबुडा राहिला तरी वाचन फसते. श्यानता उबेलोडे श्यानतामापकाच्या केशनलिकेतून (अतिशय बारीक नळीतून) द्रव वाहण्यास लागणाऱ्या वेळेवरून काढतात, पण त्यासाठीही घनता लागतेच. अपवर्तनांक बहुधा सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात घेतात. घनता आणि ध्वनिवेग यांवरून द्रवाची संपीड्यता, म्हणजे दाबाने तो किती आकसतो ते, मिळते.

खरी कसोटी तापमानाची. इथेनॉलची घनता दर अंशाला सुमारे 0.00085 ग्रॅम/घसेंमी घटते. पाचवा दशांश विश्वासार्ह हवा असेल, तर तापमान 0.01 अंशाच्या आत स्थिर राखावे लागते. मापन अनेक तापमानांना करण्याचे फळही मोठे आहे. 20 °से.ला पाण्याची श्यानता 1.0 आणि इथेनॉलची 1.2 मिलिपास्कल-सेकंद असते, पण वजनाने 40 टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणाची मात्र सुमारे 2.9! 40 °से.ला तीच 1.5 पर्यंत उतरते, कारण उष्णतेने रेणूंना एकमेकांशी जोडणाऱ्या हायड्रोजन बंधांचे जाळे सैल पडते. एकाच तापमानाच्या आलेखात हे दिसले नसते.

मिळालेली अतिरिक्त मूल्ये 1948 मधील रेडलिक-किस्टर समीकरणात (अतिरिक्त मूल्य मिश्रणाच्या प्रमाणानुसार कसे बदलते ते मांडणाऱ्या बहुपदीत) बसवतात. त्याचे सहगुणक मोजलेल्या तापमानांपुरतेच खरे मानावेत.