जातिपालट

एका अधिवासातून दुसऱ्यात जाताना, किंवा एकाच जागी काळ लोटताना, काही जाती नाहीशा होऊन त्यांच्या जागी दुसऱ्या येतात, त्या बदलास जातिपालट म्हणतात. (वृत्तपत्रांत ‘जाती’ऐवजी ‘प्रजाती’ लिहितात, जुन्या मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे जातींहून वरचा गट, म्हणून येथे ‘जाती’ हाच शब्द ठेवला आहे.)

हा पालट मोजणाऱ्या ‘बीटा विविधता’ या संज्ञेचे श्रेय सामान्यतः अमेरिकी परिस्थितिविज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांना दिले जाते. अमेरिकेतील सिस्कियू पर्वतांतील वनस्पतींवरील १९६० च्या लेखात त्यांनी एका ठिकाणच्या विविधतेला आल्फा, ठिकाणाठिकाणांतील फरकाला बीटा आणि संपूर्ण प्रदेशाच्या विविधतेला गॅमा म्हटले. कल्पना मात्र त्याआधीची दिसते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल झाकार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच आल्प्समधील वनस्पतींची तुलना साम्यगुणांकाने (सामाईक जाती भागिले दोन्ही ठिकाणच्या मिळून एकूण जाती) केली होती.

खरा वाद मोजमापाचा आहे. व्हिटेकर गॅमाला सरासरी आल्फाने भागतात, तर दुसरा पक्ष वजाबाकी करतो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा स्पॅनिश परिस्थितिविज्ञ बासेल्गा यांनी २०१० मध्ये मांडला. समजा, एका माळावर १२ जाती आहेत आणि शेजारच्या माळावर त्यांपैकीच ४ उरल्या आहेत. दुसऱ्या जोडीत प्रत्येक माळावर ८ जाती असून त्यांतील ४ सामाईक आहेत. सोरेन्सन यांच्या सूत्राने (सामाईक नसलेल्या जाती भागिले दोन्ही माळांच्या जातिसंख्यांची बेरीज) दोन्ही जोड्यांचा फरक ०.५ असाच येतो. पण पहिल्या जोडीत पालट मुळीच नाही, केवळ गळती आहे, आणि दुसऱ्या जोडीतील सगळा फरक पालटाचा आहे. ही विभागणी सर्वांना मान्य नसली, तरी संवर्धनाच्या दृष्टीने तीच अधिक उपयोगी वाटते : गळती असेल तेथे समृद्ध माळ राखून बऱ्याच अंशी भागते, पालट असेल तेथे दोन्ही राखावे लागतात.

नाशिक जिल्ह्यात हा पालट थोड्या अंतरात दिसतो. घाटमाथ्यावरील इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सुमारे शंभर किलोमीटरवरील येवल्यास जेमतेम पाचसहाशे. पावसाळी पश्चिमेकडील अंजनेरीच्या पठारावर श्रावणात पाणी झिरपणाऱ्या खडकांवर सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आणि उतारांवरील गवतात खरपुडीच्या जाती फुलतात, त्यांपैकी एकीचे शास्त्रीय नावच अंजनेरीवरून पडले आहे. येवला तालुक्यातील ममदापूरच्या माळावर बोरी-बाभळी, कुसळी गवत आणि काळवीट दिसतात. एकेका जागेची जातिसंख्या पाहून हा फरक कळत नाही. उलट घाणेरी आणि गाजरगवत दोन्हीकडे पसरले, तर प्रत्येक यादीत भर पडते आणि पालट मात्र घटतो.

उष्ण कटिबंधात डोंगर चढताना पालट अधिक वेगाने होतो, असे सामान्यतः मानतात. तेथे वर्षभरात तापमान फारसे बदलत नसल्याने जातींची सहनमर्यादा अरुंद राहते, ही अमेरिकी परिस्थितिविज्ञ जॅन्झन यांची १९६७ ची उपपत्ती त्यामागे दिली जाते.

कालिक पालटाचा विचार मॅकार्थर व विल्सन यांच्या द्वीपसिद्धांतात येतो : बेटावरील जातिसंख्या स्थिर राहते, जाती बदलत राहतात. गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर येथे हिवाळ्यात येणारी आणि उन्हाळ्यापूर्वी परतणारी बदके हा त्या अर्थाने पालट नव्हे. ते ऋतुमानाचे येणेजाणे होय.