१९व्या शतकातल्या इंग्लंडच्या खेड्यातली विधवा

शेतमजूर नवरा गेला की बाईवर आधी घराचंच संकट यायचं, कारण बऱ्याच ठिकाणी झोपडं शेतमालकाचं असायचं आणि ते नवऱ्याच्या कामासोबत मिळालेलं असायचं. काम गेलं की घर पण गेलं. दुसऱ्या लग्नाला चर्चची आडकाठी नव्हती, पण पदरात चार लेकरं असली की ते जमणं सोपं नव्हतं.

मग उरायचा पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचा, आधार. १८३४ च्या गरीब कायद्याचं धोरण असं की धडधाकट माणसाला मदत हवी तर त्यानं वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या सार्वजनिक घरात, राहायला यावं, तिथं घरातल्यांची ताटातूट व्हायची म्हणून लोक त्याला फार घाबरायचे. विधवांना मात्र १८४४ च्या आदेशात सूट होती, वैधव्याचे पहिले ६ महिने आणि नंतरही लहान मुलं असतील तर घरबसल्या मदत देता यायची, म्हणजे आठवड्याला थोडे शिलिंग आणि पाव. त्यावर घर चालत नसे. शतकाच्या मध्याला दक्षिणेत धडधाकट मजुरालाच आठवड्याला ८-१० शिलिंग मिळायचे, तेही अपुरे पडायचे. १८७१ नंतर वरूनच सांगणं आलं की एकच मूल असेल तर पैसे देऊ नका, जास्त असतील तर त्यातली एखाद-दोन वर्कहाऊसमध्ये घ्या. मला यातलं हे सगळ्यात क्रूर वाटतं, आईनं कोणतं लेकरू पाठवायचं?

बाकीची भर तिच्या हातांवर. लोकांचं धुणं, बाळंतपणं, मयताला आंघोळ घालून कपडे चढवणं, शेतात खुरपणी आणि दगड वेचणं. बेडफर्डशायर, हर्टफर्डशायरकडं गव्हाच्या काडाच्या वेण्या विणायच्या, त्या ल्यूटनच्या हॅटवाल्यांकडं जायच्या, बकिंगहॅमशायरकडं लेस. मुलं पण लहानपणापासून याच कामाला लागायची.

वर्षातला खरा आधार म्हणजे सरवा. कापणी झाल्यावर शेतात पडलेल्या ओंब्या बायका-मुलं वेचायची, त्यातून काही आठवड्यांचं पीठ व्हायचं. १७८८ मध्ये कोर्टानं सांगितलं की हा कायद्यानं हक्क नाही, तरी गावोगाव तो चालूच राहिला आणि त्याचे नियमही कडक होते. शेतात मालकानं एक पेंढी उभी ठेवली असेल तर अजून आत शिरायचं नाही, आणि कित्येक गावांत सकाळी चर्चची घंटा वाजल्यावरच सुरुवात करायची, म्हणजे लहान मुलं असलेली बाई मागं पडू नये.

आणि २१ डिसेंबरचा सेंट थॉमसचा दिवस, त्या दिवशी गावातल्या विधवा आणि गरीब बायका दारोदार जाऊन गहू किंवा पैसे मागायच्या, काही ठिकाणी गिरणीवाला तो गहू फुकट दळून द्यायचा. याला भीक मानत नव्हते, तो वर्षाचा ठरलेला हिस्सा होता.

म्हातारपणी मोठी भीती मरणानंतरची असायची. १८३२ च्या कायद्यानं वर्कहाऊसमधलं बेवारस प्रेत शरीर चिरून शिकण्यासाठी देता यायचं, म्हणून पोटाला चिमटा काढून बायका दफनाच्या क्लबात, म्हणजे मेल्यावर दफनाचा खर्च देणाऱ्या मंडळात, आठवड्याला पेनी भरायच्या. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना पेन्शन मिळायला लागली, आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग. सत्तरीच्या आतल्या विधवेला त्यातलं काहीच नव्हतं, विधवा म्हणून पेन्शन १९२५ च्या कायद्यानं आली.