पटावर नाव, फडावर मूल

उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार बिहारचे सकल नोंदणी गुणोत्तर 17.1 टक्के होते, महाराष्ट्राचे 35.3 आणि तमिळनाडूचे 47. देशाची सरासरी होती 28.4 टक्के. उच्च शिक्षणात नाव घातलेल्या सर्व वयांच्या विद्यार्थ्यांची संख्या 18 ते 23 वयाच्या लोकसंख्येशी ताडून पाहिली की हे गुणोत्तर मिळते. हे आकडे वाचताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. विद्यार्थी मोजला जातो तो त्याचे कॉलेज जिथे आहे तिथे, तो मूळचा कुठला आहे ते यात पाहिले जात नाही. पाटण्याचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आला, तर त्याची नोंद महाराष्ट्राच्या खात्यात जमा होते. चंदीगडचे गुणोत्तर 64.8 टक्के दिसते, त्यात शेजारच्या राज्यांतून आलेल्या मुलामुलींचाही वाटा आहे. त्यामुळे हा आकडा तरुणांच्या शिक्षणाइतकाच कॉलेजांच्या वाटणीविषयीही सांगतो, आणि ती वाटणी फार विषम आहे: 18 ते 23 वयाच्या दर लाख लोकसंख्येमागे कर्नाटकात 66 कॉलेजे होती, बिहारमध्ये 7.

घराची मिळकत, आईवडिलांचे शिक्षण, जात, लग्नाचे वय या सगळ्यांचा परिणाम होतोच. पण या सगळ्यांपासून शाळेच्या अंतराचा परिणाम वेगळा काढून मोजण्याची एक चांगली संधी बिहारनेच दिली. 2006 मध्ये तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्यानंतर शाळेत येणाऱ्या मुली वाढल्या. पण त्याच काळात रस्ते सुधारत होते आणि उत्पन्नही वाढत होते, मग श्रेय सायकलीचे हे कसे ठरवायचे? कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी मुलींची तुलना त्याच गावांतल्या मुलांशी केली, आणि मुलामुलींमधला हा फरक बिहारमध्ये किती बदलला व 2000 पर्यंत बिहारचाच भाग असलेल्या झारखंडमध्ये किती बदलला, हे पडताळले. योग्य वयात माध्यमिक शाळेत असलेल्या मुलींचे प्रमाण सायकलीमुळे 32 टक्क्यांनी वाढले, आणि मुलामुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. मूळचे प्रमाण फारच कमी असल्यामुळे 32 टक्के हा आकडा मोठा दिसतो, हे खरे. तरी मला सर्वांत बोलका वाटतो तो पुढचा तपशील. ही वाढ मुख्यतः माध्यमिक शाळा लांब असलेल्या गावांतच झाली. शाळा जवळ होती तिथे सायकलीने फारसा फरक पडला नाही.

महाराष्ट्राची सरासरीही अशीच फसवी आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची साक्षरता सुमारे 90 टक्के होती आणि नंदुरबारची सुमारे 64. साक्षरतेच्या आकड्यात म्हातारी माणसेही येतात, म्हणून आजच्या तरुणांचे मोजमाप त्यावरून करता येणार नाही; पण सातपुड्यातल्या पाड्यावरच्या मुलीला घरात शिकलेले माणूस भेटण्याची शक्यता किती, हे त्यातून नक्की कळते. राज्याने 22 जिल्ह्यांतील 125 तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी एसटीच्या निळ्या गाड्या सुरू केल्या, त्यामागे अंतराचाच विचार होता.

बीड जिल्ह्यात अडचण आणखी वेगळी आहे, कारण तिथे शाळा जवळ असते आणि मूलच लांब जाते. दिवाळीच्या आसपास मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली ऊसतोड मजुरांची जोडपी, म्हणजे ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. आईवडील पहाटे अंधारात उसाच्या फडावर जातात, तेव्हा बारा-तेरा वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मागे राहते, पाणी भरते, धाकट्या भावाला सांभाळते. मार्च-एप्रिलमध्ये ती परतते, तोवर अपूर्णांक, समीकरणे, निबंध सगळे वर्गात शिकवून झालेले असते. गावच्या शाळेच्या पटावर मात्र तिचे नाव वर्षभर असते, आणि आकडेवारीत ती शिकणारीच ठरते.

अशा मुलांना आजीआजोबांकडे गावातच ठेवून शाळेमार्फत जेवण देणारी हंगामी वसतिगृहे हा त्यावरचा उपाय आहे. तो लागू पडायचा तर वसतिगृह मजुरांची टोळी गाव सोडण्याआधी सुरू झालेले असले पाहिजे. ते आठ-पंधरा दिवस जरी लांबले, तरी आईबाप मुलांना ट्रकमध्ये बरोबर घेऊन जातात, आणि एकदा गेलेले मूल पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, परत येत नाही.