अर्धवेळ सैनिकांची फिटनेस टेस्टची तयारी (अमेरिका)

अमेरिकेतल्या आर्मी नॅशनल गार्ड आणि आर्मी रिझर्व्हमधले लोक वार्षिक फिटनेस टेस्टसाठी जो सराव करतात त्याबद्दलची ही नोंद. ही मंडळी एरवी ट्रक चालवतात, हॉस्पिटलात नाइट शिफ्ट करतात, ऑफिसात बसतात, आणि महिन्यातला एक वीकेंड (याला ड्रिल म्हणतात) आणि वर्षाला साधारण दोन आठवडे युनिफॉर्म चढवतात. पूर्णवेळ सैनिकाची रेकॉर्ड टेस्ट (जिचे गुण अधिकृत धरतात ती) वर्षातून दोनदा, यांची एकदाच, म्हणून वाटतं यांचं सोपं आहे, पण तिकडे सकाळी पीटीला (कवायत-व्यायामाला) उभं करायला सार्जंट असतो, इथे गजर आपणच लावायचा आणि आपणच उठायचं.

टेस्ट बदलत आलीय. 1980 पासून पुशअप, सिटअप आणि 2 मैल धावणं एवढंच होतं, सामान काही लागत नव्हतं, स्टॉपवॉच असलं की झालं. 2022 मध्ये सहा प्रकारांची एसीएफटी (आर्मी कॉम्बॅट फिटनेस टेस्ट) अधिकृत झाली आणि 1 जून 2025 पासून पाच प्रकारांची एएफटी (आर्मी फिटनेस टेस्ट) आली, म्हणजे मेडिसिन बॉल (जड चेंडू) मागे फेकायचा प्रकार गेला. आता क्रम असा: तीन रेपचा डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन सलग तीनदा उचलणं), हँड-रिलीज पुशअप (खाली गेल्यावर हात जमिनीवरून सोडायचे), स्प्रिंट-ड्रॅग-कॅरी (पळणं, ओढणं, वाहून नेणं), प्लँक (कोपरांवर अंग सरळ धरून राहणं) आणि शेवटी 2 मैल. प्रत्येकात किमान 60 गुण, एकूण 500 पैकी 300 हवेत. लढाऊ ट्रेडवाल्यांना 350, आणि तिथे स्त्री-पुरुषांना गुणांचा एकच तक्ता.

खरी अडचण सामानाची. डेडलिफ्ट हेक्स बारवर असतो, म्हणजे षटकोनी दांडा, त्याच्या आत उभं राहून उचलायचं. साध्या सरळ दांड्यावर सराव केलेल्या माणसाची पकड आणि वजनाचा तोल दोन्ही वेगळे पडतात, म्हणून निदान शेवटचे काही आठवडे हेक्स बार असलेली जिम शोधलेली बरी. स्प्रिंट-ड्रॅग-कॅरीत 50-50 मीटरच्या पाच फेऱ्या: पळणं, 90 पौंडांची स्लेड (वजन ठेवलेली घसरगाडी) उलटं चालत ओढणं, आडवं सरकत जाणं, 40 पौंडांच्या दोन केटलबेल (मूठ असलेले वजनाचे गोळे) घेऊन धावणं, परत पळणं. घरी स्लेड कुणाकडे नसते, पण जुना टायर किंवा वाळूची पोती दोरीला बांधून ओढली की मांड्या तश्याच पेटतात. या प्रकारात बरेच जण पहिल्याच फेरीत जीव खाऊन पळतात आणि स्लेड हातात आली की पाय दगड होतात.

सगळे प्रकार सुटे सुटे चांगले येणं आणि एकामागोमाग येणं यात फरक आहे. केटलबेलने दमलेल्या श्वासावरच प्लँक धरावा लागतो, आणि 2 मैल धावायची वेळ येते तेव्हा पाय आधीच वापरलेले असतात. म्हणून तयारीत दोन-तीन आठवड्यांनी एकदा तरी पूर्ण क्रम, मधल्या विश्रांतीसकट, करून बघायचा. धावण्यासाठी नुसतं रोज 2 मैल पळत बसण्यापेक्षा आठवड्यात एक दिवस 400 मीटरचे तुकडे जोरात, एक दिवस लांब पण हळू, असं विभागलेलं जास्त कामी येतं.

ड्रिलचा वीकेंड मात्र सरावाचा नव्हे, तो तपासायचा. चार-चार तासांची साधारण चार सत्रं असतात, त्यात शस्त्रं, कागदपत्रं, क्लास सगळं बसवायचं, आणि दोन दिवसांत कुणाचा दम वाढत नाही, उलट महिनाभर बसून आलेल्याला एकदम रगडलं तर पोटरी किंवा कंबर धरते. चांगला स्क्वॉड लीडर (छोट्या तुकडीचा प्रमुख) तिथे पुशअपमध्ये हात नीट सुटतात का, कंबर खाली पडते का, एवढं बघतो, आणि मधल्या चार आठवड्यांत फोनवर विचारत राहतो. अंगमेहनतीची नोकरी असलेले हमखास म्हणतात की आपलं काम हाच व्यायाम. वजन उचलायला त्याचा उपयोग होतोही, 2 मैलांत मात्र ते उघडे पडतात.

नापास झालं की नावावर फ्लॅग लागतो, म्हणजे प्रमोशन आणि कोर्सेस थांबतात. डॉक्टरांनी कायमची सूट लिहून दिली असेल तर धावण्याऐवजी अडीच मैल चालणं, पोहणं, रोइंग किंवा सायकल घेता येते, पण त्याचीही वेळ ठरलेली असते आणि तोही सराव घरीच करायचा.