मुक्तस्रोत प्रोसेसरवर आधारित लॅपटॉप

ज्या लॅपटॉपमधील प्रोसेसरचा आज्ञासंच, आणि काटेकोर अर्थाने त्याची अंतर्गत रचनाही, कोणालाही परवानाशुल्काशिवाय अभ्यासता, बदलता व नव्याने घडवता येते, त्या लॅपटॉपला ही संज्ञा लावतात. व्यवहारात रिस्क-फाइव्ह या आज्ञासंचावर चालणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपला ती सरसकट लावली जाते. हा वापर सैल आहे. आज्ञासंच हा सॉफ्टवेअर आणि प्रोसेसर यांच्यातील करार असतो. करार खुला असला, तरी तो पाळणारी चिप आतून कशी घडवली आहे हे निर्मात्याला गुप्त ठेवता येते. या लॅपटॉपांच्या भवितव्याची चर्चा या भेदाशिवाय करता येत नाही.

खुल्या प्रोसेसरांचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. युरोपीय अवकाश संस्थेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला लिऑन, २००० च्या सुमारास पुढे आलेला ओपनरिस्क आणि सन मायक्रोसिस्टिम्सने २००६ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केलेला ओपनस्पार्क टी१ हे तीनही रिस्क-फाइव्हपूर्वीचे आहेत आणि तिघांचीही रचना खुली होती. मात्र यांपैकी एकाभोवतीही वैयक्तिक संगणकांचा बाजार उभा राहिला नाही. लॅपटॉपपुरते बोलायचे, तर काही जण चीनमधील लेमोट कंपनीच्या यीलूंगला पहिला मान देतात. परंतु त्याचा लूंगसन प्रोसेसर मिप्स आज्ञासंचावरचा होता आणि त्यात मुक्त होते ते सॉफ्टवेअर. २०१४ चा नोव्हेना आणि बर्लिनमध्ये तयार होणारा एमएनटी रिफॉर्म यांचे मदरबोर्डचे आराखडे खुले आहेत, पण मूळ प्रोसेसर आर्म कंपनीच्या परवान्याचेच. त्यामुळे हा इतिहास रिस्क-फाइव्हपासून मोजणे अधिक ग्राह्य वाटते.

रिस्क-फाइव्हचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत २०१० मध्ये क्रस्टे असानोविच, अँड्र्यू वॉटरमन व युनसप ली यांनी सुरू केले. डेव्हिड पॅटरसन यांचाही त्यात सहभाग होता. बर्कलीतील रिस्क (मोजक्या व साध्या आज्ञांच्या) प्रकारच्या आराखड्यांमध्ये तो पाचवा, म्हणून हे नाव. २०१५ मध्ये त्याच्या प्रमाणीकरणासाठी प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २०२० मध्ये त्या कामाचे नोंदणीस्थान स्वित्झर्लंडला हलवण्यात आले. लिनक्सच्या ४.१५ या आवृत्तीपासून (२०१८) रिस्क-फाइव्हला मूळ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) स्थान मिळाले, तर लिनक्सवर आधारित डेबियन या कार्यप्रणालीच्या १३ व्या आवृत्तीत (२०२५) त्याला अधिकृत समर्थन मिळाले.

या आज्ञासंचावरील रोमा हा लॅपटॉप २०२२ मध्ये जाहीर झाला. डीपकंप्युटिंग या त्याच कंपनीने पुढे फ्रेमवर्कच्या १३ इंची लॅपटॉपच्या सांगाड्यात बसणारा मदरबोर्ड तयार केला. त्यावरील स्टारफाइव्हच्या जेएच७११० चिपमध्ये सायफाइव्ह या कंपनीचे यू७४ जातीचे चार गाभे (कोअर) आहेत. हे गाभे आज्ञा क्रमानेच पार पाडतात, त्यामुळे एखादी आज्ञा स्मृतीसाठी खोळंबली की मागच्याही खोळंबतात, आणि आजच्या वेब ब्राउझरच्या भाराखाली हा संथपणा जाणवतो. शिवाय येथे आज्ञासंच खुला असला, तरी यू७४ ची रचना सायफाइव्हची खासगी मालमत्ता आहे.

लिची कन्सोल ४ए या छोट्या लॅपटॉपची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या टीएच१५२० चिपमधील सी९१० हा आज्ञांचा क्रम बदलून काम करणारा गाभा असून, त्याची रचना अलीबाबाच्या टी-हेड विभागाने २०२१ मध्ये खुली केली. परंतु या गाभ्यातील सदिश आज्ञा (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) ०.७.१ या मसुद्यानुसार आहेत, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संमत झालेल्या १.० प्रमाणाशी त्या जुळत नाहीत. त्या प्रमाणासाठी संकलित केलेले सदिश सॉफ्टवेअर येथे चालत नाही. पुढे २०२४ मध्ये जर्मनीतील सिस्पा केंद्राच्या संशोधकांनी याच सदिश आज्ञांमध्ये घोस्टराइट हा दोष दाखवून दिला. त्यायोगे कोणतेही विशेषाधिकार नसलेला प्रोग्रॅम थेट भौतिक स्मृतीत लिहू शकतो, आणि सदिश एकक बंद ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे. हा दोष खुला आराखडा वाचून सापडला नाही, तर निरनिराळ्या प्रोसेसरांना एकसारख्या आज्ञा देऊन त्यांच्या उत्तरांची तुलना केल्यावर सापडला. रचना खुली केल्याने तपासणीची शक्यता निर्माण होते, तपासणी आपोआप होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

गाभा खुला झाला तरी चिप खुली होत नाही. चित्र दाखवणारा ग्राफिक्स भाग (जेएच७११० मध्ये तो इमॅजिनेशन कंपनीचा आहे), स्मृतीशी जोडणी करणारी मंडले आणि चिप कारखान्याचे गोपनीय नियम या गोष्टी बंदच राहतात. गूगल व चिप घडवणारी स्कायवॉटर कंपनी यांनी २०२० मध्ये १३० नॅनोमीटर प्रक्रियेचे नियम खुले केले, पण तेवढ्या जाडसर प्रक्रियेत आजच्या लॅपटॉपला साजेसा प्रोसेसर बसत नाही.

पुढील वाटचालीच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या मानाव्या लागतात. पहिली म्हणजे चिनी विज्ञान अकादमीच्या संगणन संस्थेतील श्यांगशान हा प्रकल्प. त्याच्या पिढ्यांना तलावांची नावे आहेत, रचना मुलान या मुक्त परवान्याखाली खुली आहे, आणि आज उपलब्ध असलेल्या खुल्या गाभ्यांमध्ये सर्वाधिक वेगवानांत त्याची गणना होते. दुसरी म्हणजे २०२४ मध्ये संमत झालेले आरव्हीए२३ हे प्रोफाइल. सदिश आज्ञांसह किमान काय असलेच पाहिजे हे ते ठरवून देते, त्यामुळे एकच सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांच्या चिपांवर चालण्याचा मार्ग मोकळा होतो. उबुंटू या लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीने २५.१० या आवृत्तीपासून ते अनिवार्य केले. परिणामी जेएच७११० वरील यंत्रे त्या आवृत्तीबाहेर राहिली. प्रमाणीकरणाची ही किंमत सुरुवातीच्या ग्राहकांना मोजावी लागली, तरी आज्ञासंचाच्या तुकड्यातुकड्यांनी वाढणाऱ्या विस्तारांपेक्षा ती स्वीकारणे योग्यच होते.

भारतात आयआयटी मद्रासचा शक्ती हा बीएसडी या मुक्त परवान्याखालील रिस्क-फाइव्ह प्रोसेसर प्रकल्प रचनेच्या अर्थानेही मुक्त आहे. त्याच्या चिपा २०१८ मध्ये इंटेलच्या २२ नॅनोमीटर आणि चंडीगडच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीच्या १८० नॅनोमीटर प्रक्रियांत घडवल्या गेल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे वेगा या प्रोसेसर मालिकेतील काम मुख्यतः तिरुवनंतपुरम केंद्रात चालते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये रिस्क-फाइव्ह प्रोसेसरांसाठी डीआयआर-व्ही कार्यक्रम जाहीर केला. या प्रयत्नांचा रोख प्रामुख्याने नियंत्रक व अंतःस्थापित (एम्बेडेड) उपकरणांकडे राहिला आहे.