झोटेरो खटला (थॉमसन रॉयटर्स विरुद्ध जॉर्ज मेसन विद्यापीठ)

संशोधकांसाठी संदर्भसूची तयार करणाऱ्या दोन सॉफ्टवेअरांवरून अमेरिकेत २००८–०९ मध्ये झालेला न्यायालयीन वाद. एका बाजूस ‘एंडनोट’ हे विकत घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर आणि त्याची मालक थॉमसन रॉयटर्स ही कंपनी होती. दुसऱ्या बाजूस ‘झोटेरो’ हे मोफत व मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेले) सॉफ्टवेअर आणि ते घडवणारे व्हर्जिनिया राज्यातील जॉर्ज मेसन विद्यापीठ होते. संदर्भ लिहिण्याचे नियम एखाद्या कंपनीने आपल्या फाइलमध्ये भरले, तर ते दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील की नाही, हा या वादाचा गाभा होता.

शोधनिबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाला संदर्भसूचीचा जाच ठाऊक असतो. एका नियतकालिकाला लेखकाचे आडनाव आधी हवे असते, दुसऱ्याला आद्याक्षरे. कुठे वर्ष कंसात, कुठे शेवटी. कुठे नियतकालिकाचे नाव तिरप्या ठशात पूर्ण, तर कुठे संक्षिप्त. निबंध एकीकडून परत आला आणि दुसरीकडे पाठवायचा ठरला की सगळी सूची नव्याने मांडणे आले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एंडनोटने हे काम संगणकावर सोपवले. संदर्भाची माहिती एकदाच भरायची आणि हव्या त्या नियतकालिकाची ‘स्टाइल’ निवडायची, की सूची त्या पद्धतीने तयार. प्रत्येक स्टाइलची ‘ईएनएस’ नावाच्या फॉरमॅटमधली एक छोटी फाइल असे. खटल्याच्या वेळी अशा साडेतीन हजारांहून अधिक फाइली एंडनोटसोबत मिळत होत्या. त्या कशा रचल्या आहेत हे मात्र कंपनीने उघड केलेले नव्हते.

झोटेरो ऑक्टोबर २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरला जोडता येणारे एक्स्टेन्शन म्हणून आले. रॉय रोझेन्झ्वाइग या इतिहासकाराने १९९४ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात स्थापन केलेल्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात ते तयार झाले. मेलन आणि स्लोन या प्रतिष्ठानांनी, तसेच संग्रहालये व ग्रंथालयांसाठीच्या अमेरिकी संघराज्याच्या संस्थेने त्यासाठी अनुदान दिले होते. ग्रंथालयाच्या यादीचे किंवा लेखाचे पान ब्राउझरमध्ये उघडले असता एका क्लिकने त्याचा संदर्भ टिपता येई. ही सोय इतिहासाच्या अभ्यासकांनी स्वतःची गरज ओळखून केली होती, आणि झोटेरो झपाट्याने पसरले त्याचे श्रेय मुख्यतः या गोष्टीला द्यायला हवे.

२००८ च्या उन्हाळ्यात झोटेरोच्या १.५ या आवृत्तीचे चाचणीरूप प्रसिद्ध झाले. वापरणाऱ्याकडे असलेली ईएनएस फाइल वाचण्याची क्षमता त्यात होती. ५ सप्टेंबर २००८ रोजी थॉमसन रॉयटर्सने रिचमंड येथील न्यायालयात दावा लावला. विद्यापीठ सरकारी असल्याने प्रतिवादी म्हणून व्हर्जिनिया राज्य पुढे आले. वर्षाला १ कोटी डॉलर नुकसानभरपाई आणि झोटेरोच्या वितरणाला मनाई, अशा मागण्या होत्या.

दाव्याचा आधार कॉपीराइट नव्हता, करार होता. विद्यापीठाने एंडनोटचे साइट लायसन्स (संपूर्ण संस्थेसाठीचा वापर-परवाना) घेतले होते आणि त्यात रिव्हर्स इंजिनिअरिंगला, म्हणजे सॉफ्टवेअर उलगडून त्याची आतली रचना शोधण्याला, बंदी होती. आमच्या खासगी फाइली उलगडून त्यांचे झोटेरोच्या खुल्या, कोणालाही वाटता येणाऱ्या ‘सीएसएल’ (स्टाइल लिहिण्याची एक खुली भाषा) फाइलींत रूपांतर करण्याची वाट विद्यापीठाने काढली, असा कंपनीचा आरोप होता. कंपनीने हा मार्ग का धरला असावा हे समजण्याजोगे आहे. अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम १०२ (ब) नुसार कल्पना, कार्यपद्धती किंवा प्रणाली यांना संरक्षण मिळत नाही. करारातील बंदीला मात्र न्यायालये मान देऊ शकतात, हे २००३ च्या बोवर्स विरुद्ध बेस्टेट या निकालात दिसले होते. शिवाय सॉफ्टवेअर परवान्यांना बळ देणारा ‘युसिटा’ कायदा मंजूर करणारी अमेरिकेत दोनच राज्ये होती, मेरीलँड आणि व्हर्जिनिया.

हजारो स्टाइल एकेक करून तयार करण्यात एंडनोटच्या माणसांचे कष्ट होते, हे नाकारता येत नाही. पण त्या फाइलींतले नियम कंपनीचे नव्हते. ते नियतकालिकांनी आणि अभ्याससंस्थांनी ठरवून लेखकांसाठी जाहीर केलेले होते. विद्वानांच्या सामाईक शिस्तीवर एका फॉरमॅटच्या आडून कुंपण घालणे प्रस्तुत लेखकाला अन्यायाचे वाटते. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने तेव्हा संपादकीय लिहून सॉफ्टवेअरांमधील देवाणघेवाणीची बाजू उचलून धरली होती.

विद्यापीठ मागे हटले नाही. त्याने एंडनोटच्या लायसन्सचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले. झोटेरोमध्ये जे कोणी तयार करेल ते त्याच्याच मालकीचे आणि त्याला ते घेऊन कोठेही विनाअडथळा जाता यावे, अशी भूमिका मांडली. ४ जून २००९ रोजी खटला फेटाळला गेला. तो राज्याच्या प्राथमिक न्यायालयातला असल्याने इतर न्यायालयांवर बंधनकारक ठरेल असा पायंडा त्यातून पडला नाही.

ब्रूस डार्कस यांनी सुरू केलेल्या सीएसएल या खुल्या भाषेचा विस्तार मात्र होत राहिला. स्वयंसेवकांनी लिहिलेल्या तिच्या स्टाइलींची संख्या पुढे दहा हजारांपलीकडे गेली आणि मेंडेलीसारख्या इतर सॉफ्टवेअरांनीही तीच भाषा स्वीकारली. त्यामुळे ईएनएस फाइल वाचण्याची गरजच बरीचशी उरली नाही.

इतरत्र कायदा वेगळा आहे. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ‘एसएएस’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या प्रकरणात डेटा फाइलींच्या फॉरमॅटला सॉफ्टवेअरचा कॉपीराइट लागू होत नाही, असे ठरवले. भारताच्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ (१) (एबी) नुसार, स्वतंत्रपणे लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक कृती कायदेशीर वापरकर्ता करू शकतो.

पुढचा संघर्ष न्यायालयाबाहेर झाला. एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीने २०१३ मध्ये विकत घेतलेल्या मेंडेलीने २०१८ मध्ये वापरकर्त्याच्या संगणकावरचा डेटाबेस कूटबद्ध केला. कंपनीने सुरक्षिततेचे कारण दिले. झोटेरोच्या विकासकांनी मात्र, यामुळे लोकांना आपलेच संदर्भ थेट बाहेर काढता येत नाहीत, असा आक्षेप घेतला. नंतर मेंडेलीच्या ऑनलाइन खात्यात लॉगइन करून संदर्भ झोटेरोत आणण्याची सोय करण्यात आली.