डिप्लॉयमेंट पाइपलाइन

प्रोग्रामरने रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) कोड पुश केला, म्हणजे पाठवला, की बिल्ड (कोडपासून चालवता येणारे पॅकेज बनवणे), चाचण्या आणि सर्व्हरवर डिप्लॉयमेंट (ते पॅकेज चढवणे) ही कामे ठरलेल्या क्रमाने आपोआप उरकणारी व्यवस्था. येथे ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरील कोडपाइपलाइन (2015) या सेवेच्या आधारे तिची मांडणी दिली आहे.

हे काम हाताने करण्यातला धोका नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली कंपनीच्या प्रकरणात उघड झाला. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहून गेला आणि दुसऱ्या कोणी ते तपासले नाही. 1 ऑगस्ट 2012 रोजी बाजार उघडताच त्या सर्व्हरवरचा, वर्षानुवर्षे वापरात नसलेला जुना कोड चालू झाला. सुमारे 45 मिनिटांत कंपनीला 46 कोटी डॉलरच्या घरात फटका बसला.

कोडपाइपलाइन स्वतः बिल्ड करत नाही. ती टप्पे एकामागून एक चालवते. पुश होताच कोडबिल्ड ही बिल्ड करणारी सेवा कोरा कंटेनर (तात्पुरते, वेगळे ठेवलेले वातावरण) उघडून बिल्डस्पेक या सूचनांच्या फाइलमधल्या कमांड चालवते. एक चाचणी नापास झाली तरी गाडी तिथेच थांबते. तयार झालेले पॅकेज एस-थ्री या साठवण सेवेच्या बकेटमध्ये जाते आणि कोडडिप्लॉय ही सेवा ते सर्व्हरवर उतरवते. जुने ॲप्लिकेशन कधी थांबवायचे, नवे कधी सुरू करायचे, ते चालते की नाही हे कोणत्या स्क्रिप्टने पाहायचे, हे ॲपस्पेक फाइलमध्ये लिहिलेले असते. एका वेळी एकच सर्व्हर बदलण्याची सोय असल्याने बिघाड पहिल्याच सर्व्हरवर पकडता येतो. टेस्टिंगमध्ये पास झालेले पॅकेजच प्रॉडक्शनला (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) जावे, हा नियम मात्र कसोशीने पाळावा. प्रॉडक्शनसाठी वेगळा बिल्ड काढला की आधीच्या चाचण्यांना अर्थ उरत नाही.

सर्वाधिक वेळ परवानग्यांमध्ये जातो. प्रत्येक सेवेला आयएएम रोल (ती काय करू शकते हे ठरवणारा परवानग्यांचा संच) लागतो. घाईत सगळ्यांना ॲडमिनचे अधिकार देऊन टाकण्याचा मोह होतो, पण मग रिपॉझिटरीत शिरकाव करणाऱ्याच्या हाती अख्खे खातेच पडते. पासवर्डही कोडमध्ये न ठेवता सीक्रेट्स मॅनेजर या गुप्त माहिती जपणाऱ्या सेवेत ठेवावेत.

रोलबॅक चालू ठेवल्यास डिप्लॉयमेंट फसताच मागची आवृत्ती पुन्हा चढते. डेटाबेस मात्र मागे येत नाही, त्यामुळे परत आलेल्या जुन्या आवृत्तीला काढून टाकलेला कॉलम सापडत नाही. म्हणून टेबलमधला कॉलम काढायचा असेल तर एका रिलीजमध्ये त्याचा वापर थांबवावा आणि तो रिलीज स्थिरावल्यावरच पुढच्या रिलीजमध्ये कॉलम काढावा.